वाळल्या पानाचा रंग

मनी ऑफिसात नेमकं काय करते, हे तिच्या वहिनीला कधी धड कळलं नाही. कुणी विचारलं तर वहिनी म्हणायची, "कॉम्प्युटरवर बसते," आणि विषय बदलायची. मनीचीही त्याला हरकत नव्हती. वेबसाइटवर फॉर्म भरताना माणसाचं काही चुकलं, तर ते त्याला कोणत्या रंगात, केवढ्या अक्षरात आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, एवढंच आपलं काम आहे, हे समजावून सांगायचं तरी कुणाला?

तसं ते काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं. हल्ली वेबसाइट कुणी पायापासून बांधत नाही. तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. त्यात रकाने, बटणं सगळं आयतं येतं आणि चूक दाखवणारे मेसेजही आयतेच येतात. भाड्याच्या खोलीला आधीच्या भाडेकरूने दिलेला रंग असावा, तसे. लाल रेघ, लाल जाड अक्षरं, "हा रकाना चुकीचा आहे." वर पान असा हिसका देऊन चुकलेल्या जागी जाऊन थांबतं की माणसाची मानगूटच धरली जणू. बहुतेक ठिकाणी तो रंग तसाच ठेवतात. मनीच्या ऑफिसात तो खरवडून काढून दुसरा द्यायचं काम मनीचं होतं.

सकाळी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी ती त्याला हात जोडायची. कुणी बघत असेल तर केस सारखे केल्यासारखं करायची. मग कामाला लागायची. लालाचा विटकरी करायची, विटकरीचा फिका, जाड अक्षरं बारीक करायची, आणि "चुकीचा आहे"च्या जागी काहीतरी माणसाने माणसाला म्हणावं असं लिहायची. "इथे नाव राहिलं वाटतं." "तारीख एकदा बघून घ्याल?" तिच्या शेजारी बसणाऱ्याचं काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं तपासायचं आणि मोडतंय का बघायचं. म्हणून सगळे त्याला खोडकिडा म्हणायचे, आणि त्यालाही ते नाव आवडायचं. तो मुद्दाम उलटसुलट फॉर्म भरायचा आणि मनीचे मेसेज ऑफिसभर वाचून दाखवायचा.

"ऐका, ऐका! 'पत्ता थोडा अपुरा वाटतो, आणखी एखादी ओळ लिहाल?' ताई, हा मेसेज आहे की स्थळ आलंय?"

"तुला नाही यायचं असं स्थळ," मनी म्हणायची, आणि सगळे हसायचे. तिचा आवाज मात्र हसण्यातही वर चढत नसे.

मनी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते दादाने ठेवलं होतं, मांजरीवरून. ती लहानपणी इतक्या हळू चालायची की स्वयंपाकघरात मागे येऊन उभी राहिली तरी आईला कळायचं नाही. आणि हळू चालणं ही आवड नव्हती, ती त्या घराची गरज होती. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान पुढे, घर मागे, मधे नुसता एक पडदा. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, चिमट्यात केसासारखी स्प्रिंग धरून ते बसलेले असायचे. तेवढ्यात मागे वाटी जरी पडली तरी त्यांचा हात हलायचा, आणि मग त्यांचा आवाज सुटायचा. तो आवाज पडदा, भिंत, अंगण ओलांडून रस्त्यावर जायचा. मारलं त्यांनी कधी नाही. ओरडणंच असं होतं की मार परवडला असता.

दादा शाळा सोडून त्यांच्या हाताखाली बसला तेव्हा मनी लहान होती. पडद्याच्या फटीतून तिने एकदा बघितलं. दादाच्या हातून एक बारीक स्क्रू निसटला. समोर गिऱ्हाईक उभं होतं. वडील ओरडले. दादा जमिनीवर हात फिरवत स्क्रू शोधू लागला, आणि वडील वरून ओरडतच राहिले. गिऱ्हाईक खजील होऊन दाराबाहेर जाऊन उभं राहिलं. दादाचे कान लाल झाले होते. चेहरा दिसत नव्हता, कान तेवढे दिसत होते. पुढे मनीला कुठेही लाल अक्षर दिसलं की आधी ते कान आठवायचे.

वडील गेले, मग आई गेली. दुकान दादाचं झालं. दादा वडिलांपेक्षा सरस कारागीर निघाला, असं लोक म्हणायचे, आणि तो कधी कुणावर ओरडला नाही. मनीने लग्न केलं नाही. म्हणजे कुणी जमवलं नाही आणि तिने आठवण करून दिली नाही. दादानेच तिला कॉम्प्युटरचा वर्ग लावून दिला होता. "घड्याळाचं काम आता काय, आज आहे उद्या नाही. तू काहीतरी नवं शीक," म्हणाला होता. आता ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायची आणि सुट्टीच्या दिवशी दुकानामागच्या त्याच घरात जेवायला यायची. पडदा अजून होता. तीही अजून तशीच हळू चालायची.

त्या वर्षी ऑफिसात डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. मोठा दवाखाना. मोठ्या शस्त्रक्रिया तिथेच व्हायच्या आणि गर्दी फार. म्हणून त्यांनी ठरवलं की यापुढे नाव नोंदवायचं ते वेबसाइटवरच. दवाखान्याच्या व्यवस्थापक बाई स्वतः आल्या. टापटिपीच्या, बोलायला गोड. पहिला नमुना पडद्यावर लागला, खोडकिड्याने सवयीने रिकामा फॉर्म पाठवायचं बटण दाबलं, आणि पानभर लाल रेघा उमटल्या. बाईंनी हातच वर केले.

"अहो, हे काय! आमच्याकडे माणूस आधीच घाबरून येतो. त्याला हे असं रक्तबंबाळ दाखवायचं?"

साहेबांनी मनीकडे बघितलं. साहेब वयाने तिच्यापेक्षा लहान होते, पण अडलं की तिच्याकडेच बघायचे. "ताई आहेत ना आमच्या," ते म्हणाले. "त्या चूकसुद्धा अशी सांगतात की माणूस थँक्यू म्हणतो."

मनीने ते काम जीव ओतून केलं. आयता हिसका तिने बंद केला, पान आता जागचं हलायचं नाही. लाल पूर्ण काढला. रंग शोधायला तिला बरेच दिवस लागले. शेवटी खिडकीतल्या कुंडीत पडलेल्या एका पानाने तो दिला. पार वाळलेलं नव्हे, वाळायला लागलेलं, पिवळ्या-करड्याच्या मधलं काहीतरी. फॉर्मच्या साईच्या रंगाच्या पानावर त्या रंगातली बारीक अक्षरं रकान्याखाली सावकाश उमटायची, जणू कुणी कानाशी येऊन सांगतंय. बटणही तिने तसंच केलं. फॉर्ममध्ये काही राहिलं असताना दाबलं तर ते खटकन नाही म्हणायचं नाही, नुसतं थोडं मंद व्हायचं. फोनच्या रकान्याखाली तिने लिहिलं, "हा नंबर एकदा बघाल का?"

व्यवस्थापक बाईंना ते फार आवडलं. "डोळ्यांना किती शांत वाटतं," त्या म्हणाल्या. खोलीतल्या प्रत्येकाने मान हलवली. त्या खोलीत प्रत्येकाचे डोळे चांगले होते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. मनीच्याही नाही.

पण मनीने एक केलं होतं, आणि पुढे तिला तेच जास्त छळत राहिलं. ते पान सुरू व्हायच्या आधी तिने ते दादाला दाखवलं होतं. जेवण झालं होतं, वहिनी भांडी आवरत होती. मनीने आपला फोन त्याच्यापुढे धरला, मुद्दाम अर्धाच नंबर लिहिला आणि बटण दाबलं.

"बघ. खाली काय आलं, दिसलं?"

दादाने फोन हातात घेतला. जवळ नेला, लांब नेला. "दिसलं की."

"कसं वाटतंय?"

"शांत आहे," दादा म्हणाला. "छान केलंयस मने. बाबांनी बघायला हवं होतं."

मनी त्या शब्दांवर कितीतरी दिवस तरंगत होती.

दादाला काहीच दिसलं नव्हतं. साईच्या रंगाचा एक चौकोन दिसला होता, त्यात काळ्या रंगाचे आकडे, बस्स. त्याच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांपासून काहीतरी बिनसलं होतं. आधी कडा गेल्या. बाजूला कुणी येऊन उभं राहिलं तर कळायचं नाही. मग फिके रंग एकमेकांत मिसळू लागले. पांढऱ्या तबकडीवरचे चंदेरी काटे तो बोटाने चाचपून बघायचा. पण घड्याळजीने डोळ्यांची तक्रार करायची म्हणजे दुकानाला आपणच कुलूप लावायचं. त्याने ती गोष्ट बायकोला सांगितली नव्हती, तर बहिणीला काय सांगणार? आणि बहीण तर तोंडभर हसून विचारत होती, दिसलं का म्हणून. नाही कसं म्हणायचं?

पुढे एकदा जिना उतरताना तो पडला. गुडघा फुटला. पट्टी बांधताना गल्लीतल्या डॉक्टरने डोळ्यांत उजेड मारून भिंगातून आत बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. डोळ्यांतला दाब फार वाढलेला असणार, म्हणाला. नस सुकत चाललीय. गेलं ते परत येत नाही, पण शस्त्रक्रिया वेळेत झाली तर राहिलेलं राहील. "मोठ्या दवाखान्यात नाव घाला, आजच घाला. वेबसाइटवर घालावं लागतं आता. जमेल ना?"

"जमेल म्हणजे?" दादा म्हणाला. "माझ्या बहिणीनेच केलीय ती."

घरी येऊन त्याने वहिनीला सांगितलं. वहिनी रडली, मग चिडली, मग म्हणाली, "वन्संना फोन करा, त्या भरून देतील."

"तिला कशाला त्रास? तिने इतकं सोपं करून ठेवलंय ते. मी भरतो."

"तुम्हाला दिसतं का तरी?"

"काळी अक्षरं दिसतात. तेवढं पुरतं."

आणि त्याने भरला. नाव लिहिलं, वय लिहिलं, काय त्रास होतो ते लिहिलं. फोन नंबर लिहिताना त्याने मधे जागा सोडली. घड्याळाच्या पाकिटावर गिऱ्हाइकाचा नंबर लिहायची बाबांची तीच पद्धत होती, अर्धे आकडे इकडे, अर्धे तिकडे, म्हणजे वाचताना चूक होत नाही. जन्मभर त्याने नंबर असाच लिहिला होता. त्या रकान्याला मात्र जागा चालत नव्हती. दादाने बटण दाबलं. बटण मंद झालं, तेवढं त्याला कळलं. खाली सावकाश, अगदी अदबीने, वाळायला लागलेल्या पानाच्या रंगात अक्षरं उमटली, "हा नंबर एकदा बघाल का?"

"गेला," दादा म्हणाला. "बटणसुद्धा कसं हळू मिटतं बघ. मनीचं काम."

फॉर्म खरंच गेला की आभाराचं दुसरं पान उघडायचं. पण हे ज्याला ठाऊक नाही, तो त्याची वाट कशाला बघेल?

मग तो दवाखान्याच्या फोनची वाट बघत बसला. वहिनी रोज विचारायची, "आला का?" आणि तो म्हणायचा, "गर्दी किती असते तिथे. नंबर लागला की बोलावतील." मनीला सांगायचं नाही असं त्याने वहिनीला बजावलं होतं. तारीख मिळाली की सांगू, उगाच ती ऑफिसात कुणाकडे शब्द टाकायला जाईल आणि तिला खाली बघावं लागेल. त्याने मनगटी घड्याळं घेणं बंद केलं. भिंतीवरची तेवढी घ्यायचा, ती त्याला आवाजावरून समजायची. मनीने विचारलं तर म्हणाला, "बारीक काम आता कोण आणतंय गं?" तिला ते पटलंही. उन्हाळा गेला, थंडी आली.

कळलं ते एका पेल्यामुळे. सुट्टीचा दिवस होता. मनी नेहमीसारखी पाऊल न वाजवता आत आली आणि दाराशीच थबकली. दादा टेबलाशी बसला होता. वहिनीने त्याच्या उजव्या हाताला पाण्याचा पेला ठेवला. त्याने पाणी घ्यायला हात पुढे केला, तो पेल्याच्या शेजारून गेला. पुन्हा केला, पुन्हा शेजारून गेला. मग वहिनीने काही न बोलता त्याचं मनगट धरलं आणि पेल्यावर नेऊन ठेवलं. दोघांनाही त्याची सवय झालेली होती.

"दादा," मनी म्हणाली.

तो दचकला. "कधी आलीस? आवाज तरी करत जा गं मने."

मग सगळं बाहेर आलं. वहिनीच बोलली, तो नुसता टेबलावरून बोट फिरवत बसला. मनीने दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या मुलीने नाव शोधलं, पुन्हा शोधलं. या नावाची नोंदच नाही, म्हणाली.

"असं कसं? मी स्वतः भरलाय," दादा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज थोडा चढला.

"कसा भरलास ते दाखव बरं," मनी म्हणाली. "माझ्यासमोर भर."

दादाने तिचा फोन घेतला, नाकापाशी नेला आणि भरायला लागला. मनी त्याच्या खांद्यामागे उभी होती. नाव. वय. त्रास. फोनच्या रकान्यात अर्धे आकडे, मग जागा, मग उरलेले. त्याने बटण दाबलं. बटण मंद झालं. आणि मग तिने निवडलेल्या रंगात, तिने बारीक केलेल्या अक्षरांत, तिने लिहिलेलं ते वाक्य हळूहळू वर आलं. दादा सरळ त्याच्याकडे बघत होता. अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर, वीतभरावर होती.

"बघ," तो म्हणाला. "गेला की नाही?"

मनीने फोन त्याच्या हातातून हळूच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिने सगळं सांगितल्यावर व्यवस्थापक बाईंनी मधल्या मधे वेळ काढून दिली, त्यात त्यांनी कसूर केली नाही. आत तपासणी चालली असताना मनी बाकावर बसून होती. भिंती साईच्या रंगाच्या होत्या. तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, पण काय मागावं ते सुचेना. गेलेलं परत येत नाही, हे गल्लीतल्या डॉक्टरचं म्हणणं वहिनीने तिला आधीच सांगितलं होतं, आणि न होणाऱ्या गोष्टीसाठी देवाला अडचणीत आणणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती नुसती नाव घेत राहिली. समोर बाकांवर डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं ओळीने बसली होती. ही पोचलेली माणसं, तिच्या मनात आलं. न पोचलेली कुठे असतील?

शस्त्रक्रिया झाली. राहिलं ते राहिलं, पण राहिलं होतं फार थोडं. डाव्या डोळ्याने उजेड कुठल्या बाजूला आहे ते कळायचं. उजव्याने, नळीतून बघावं तसा, समोरचा एक बारीक गोल. डॉक्टर चांगल्या होत्या, लपवाछपवी न करता बोलल्या. "थंडीच्या आधी आला असतात तर..." एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मनी ऑफिसात गेली ती सरळ साहेबांच्या खोलीत. लाल परत आणायचा, म्हणाली. साहेबांनी व्यवस्थापक बाईंना बोलावून घेतलं. झालं त्याबद्दल बाईंना मनापासून वाईट वाटत होतं, तरीही त्या म्हणाल्या, "पण एका माणसाचं झालं म्हणून सगळंच बदलायचं का? आमच्याकडे दुसऱ्या कुणाची तक्रार नाही आली."

"ज्यांना दिसलंच नाही, ते तक्रार कशाची करतील?" मनी म्हणाली.

बाईंनी मान हलवली, लाल परत आणायचं ठरलं. खोडकिडा दारात उभा होता, त्याने हळूच विचारलं, "ताई, असे न गेलेले फॉर्म किती असतील, कळेल का कुठून?"

"नाही कळणार. न गेलेलं कुठे साठत नाही."

तो खाली मान घालून उभा राहिला. "मी रोज तपासायचो," तो म्हणाला. "बटण मंद होतंय, मेसेज येतोय, सगळं बरोबर होतं." त्यानंतर तो तिचे मेसेज मोठ्याने वाचेनासा झाला, आणि मनीला त्या थट्टेची आठवण यायला लागली.

लाल आणायला नवं काही लिहावं लागलं नाही. तिला फक्त आपल्या ओळी पुसायच्या होत्या. तिने एकेक ओळ काढली, आणि खाली तो आयता रंग जसाच्या तसा होता. इतके महिने तिच्या रंगाखाली गप्प बसून होता. तिने रिकामा फॉर्म पाठवायचं बटण दाबलं. पान हिसका देऊन वर गेलं, लाल रेघ उठली, "हा रकाना चुकीचा आहे." किती उद्धट. पण गल्लीच्या टोकावरूनही दिसलं असतं.

दादाला खरं सांगायचं राहिलं होतं. त्याचा समज होता की नेटवर्क गेलं असेल, फोन जुना होता. वहिनी म्हणाली, "राहू द्या ना वन्सं, आता सांगून काय मिळणार?" मनीलाही दोनदा तसंच वाटलं. मग तिने ठरवलं की हळुवार सांगायचं नाही. ती दुकानात त्याच्या पुढ्यात, त्याच्या त्या बारीक गोलात येईल अशी बसली आणि म्हणाली, "दादा, फॉर्म गेलाच नव्हता. नंबर चुकलाय असं खाली आलं होतं. तुला दिसलं नाही, कारण मी ते फिकं केलं होतं. मी केलं होतं."

मागे भिंतीवरची घड्याळं चालली होती, प्रत्येक आपल्या तालात.

"मला विचारलं होतंस की तू," शेवटी तो म्हणाला. "दिसलं का म्हणून. मी हो म्हणालो."

"मला कळायला हवं होतं."

"कसं कळणार? आपल्या घरात कुणी कुणाला वाईट वाटेल असं बोललंय का बाबा गेल्यापासून?" तो थोडा हसला. हसला म्हणजे ओठ हलले. "बाबा असते ना, तर एवढ्याने ओरडले असते की मी खुर्चीतून उठलो असतो. निदान कळलं असतं, काहीतरी चुकलंय."

मनी रडली नाही. तिने टेबलावरचा चिमटा उचलला, पुन्हा होता तिथेच ठेवला, अगदी तसाच, कारण आता त्याला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागायची.

"रागावला नाहीस?"

"रागावून बघितलं," दादा म्हणाला. "आत्ताच, तू बोलत होतीस तेव्हा. जमलं नाही. सवय नाही गं."

त्याने तिला माफ केलं, असंही कुणाला म्हणता येईल. मनीला तसं वाटलं नाही. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुकान अजून उघडतं. वहिनी गल्ल्यावर बसते. दादा भिंतीवरच्या घड्याळांना चावी देतो आणि लोलकाला कान लावून मागे-पुढे काय होतंय ते सांगतो. त्यात पैसा नाही, पण माणूस बसून राहिला तर उठत नाही, म्हणून चालू ठेवलंय. मनी आता एक दिवसाआड येते. त्या बोलण्यानंतर पहिल्यांदा आली तेव्हा तिने मुद्दाम टाचा आपटल्या, दार ढकललं आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढ्या मोठ्याने आवाज काढला.

"दादा! मी आलेय!"

त्याच्या हातातली चावी खाली पडली. घरंगळत कपाटाखाली गेली. त्याचे कान लाल झाले. जरा वेळाने त्याने श्वास सोडला.

"केवढ्याने," तो म्हणाला. "मला वाटलं, बाबा आले."

मनी जमिनीवर बसली आणि हाताने चाचपत चावी शोधायला लागली. दादा वाकून बघत होता, पण मनी होती तिकडे नाही, तिने मघाशी जिथून हाक मारली त्या दाराकडे.

"इकडे," मनी म्हणाली. मग पुन्हा, आणखी मोठ्याने, "दादा, इकडे आहे मी."